जर्मनचं पातेलं

आमच्याकडं ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. ते जर्मन. जर्मनचं पातेलं, जर्मनची कढई, जर्मनचा डबा. पितळेला मान होता, तांब्याच्या हंड्यावर आईच्या माहेरचं नाव कोरलेलं होतं, स्टीलची ताटं पाहुणे आले की निघायची. जर्मन मात्र राबायला. चुलीवर चढायचं, बुडाला काजळी धरायची, राखेनं घासून घ्यायचं आणि परत चढायचं. हे नाव कुठून आलं हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. जर्मन सिल्व्हर नावाचा पांढरा मिश्रधातू आधीपासून बाजारात होता, त्याचंच नाव या दुसऱ्या पांढऱ्या धातूला चिकटलं असावं. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते आणि आमच्या जर्मनमध्ये जर्मन सिल्व्हर नव्हतं. नावांचं असंच असतं.

१९८७ च्या मे महिन्यात यातलं एक पातेलं दादानं खाल्लं. खाल्लं खरं तर कॉस्टिक सोड्यानं, पण घरात अजूनही 'दादानं पातेलं खाल्लं' असंच म्हणतात.

आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. दादाची अकरावी सायन्स नुकतीच संपली होती, मी आठवी पास होऊन नववीत जाणार होते. त्या वर्षी त्याच्या सरांनी वर्गात रॉकेलच्या बाटलीतून चिमट्यानं एक मळकट खडा काढला, टिपकागदावर टिपला आणि चाकूनं कापला. धातू, आणि चाकूनं! त्या रात्री जेवताना दादानं हे इतक्या वेळा सांगितलं की आण्णा शेवटी म्हणाले, "आता भाकरी काप." कापलेली बाजू म्हणे आरशासारखी होती आणि बघता बघता मळून गेली. मग सरांनी हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात टाकला. तो बुडाला नाही. गोळी होऊन पाण्यावर सूं सूं करत पळत सुटला आणि पळता पळता संपला.

सोडियमनं त्या दिवशी दादाला धरलं. पुढचे चार महिने त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता. सोडियम मिठात आहे, खायच्या सोड्यात आहे, कॉस्टिकमध्ये आहे. मग घरात का निघू नये?

हौशी रसायनवाल्याचा हा सनातन प्रश्न. सोनं कुठं आहे ते शोधावं लागतं. हे धातू मात्र सगळीकडं असतात, फक्त एकटे कधीच सापडत नाहीत. आमच्या गावाच्या रस्त्यानं बॉक्साइटचे ट्रक जायचे, त्यांची लाल धूळ कपड्यांवर, केसांत, अंगणातल्या वाळवणावर बसायची. त्या धुळीत ॲल्युमिनियम होतं. चुलीतल्या राखेत पोटॅशियम होतं. पोटॅशियमचं नावच मुळी राखेच्या भांड्यावरून पडलेलं, इंग्रजीत पोटॅश म्हणजे भांड्यात आटवून काढलेली राख. त्याचं चिन्ह के, ते कॅलियमचं, आणि त्या कॅलियमच्या मुळाशी पुन्हा राखेचाच अरबी शब्द. म्हणजे आई रोज सकाळी न्हाणीपाशी बसून पोटॅशियमनं ॲल्युमिनियम घासत होती. धुळीत आणि राखेत दोघंही ऑक्सिजनला इतके घट्ट बिलगलेले की त्यांच्यात धातू आहे याचा कुणाला संशय येऊ नये. त्यांना वेगळं करायचं म्हणजे मांडलेला संसार मोडायचा. त्याला ताकद लागते, आणि मोडल्यावर पुन्हा जुळू नये म्हणून राखण लागते. रॉकेलची बाटली ती राखण.

दादाच्या पुस्तकात हम्फ्री डेव्हीवर चार ओळी होत्या. दादानं त्या पाठ केल्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ६ ऑक्टोबर १८०७ ला डेव्हीनं पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम काढलं आणि काही दिवसांत कॉस्टिक सोड्यातून सोडियम. म्हणजे वयाच्या २८ व्या वर्षी दोन नवे धातू. आणि हा काही मोठ्या विद्यापीठातून आलेला नव्हता. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्समध्ये एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करता करता पुस्तकं वाचून रसायन शिकलेला पोर. दादाच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, कॉस्टिक दुकानातून. त्या वर्षी गावात बायकांना साबण करायला शिकवलं होतं, तेव्हा आणलेलं अर्धा किलो कॉस्टिक एका डब्यात शिल्लकही होतं. बॅटरी त्यानं पलीकडच्या आळीतून 'चार्जिंगला नेतो' म्हणून आणली.

आणि मी? मी वही. "तू नुसतं बघायचं आणि लिव्हायचं," दादा म्हणाला. "मिनिटासकट." आण्णांचं मनगटी घड्याळ माझ्या हातात बांधलं. स्वतः आण्णांचा वाचायचा चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या चष्म्याला त्या दिवशी जेवढे आशीर्वाद मिळाले असतील तेवढे त्याला पुढं दहा वर्षं पोथी वाचून मिळाले नसतील.

परड्यात तीन दगडांची चूल मांडली. आई शेजारी लग्नाच्या शेवया करायला गेली होती. पातेलं घेतलं ते जर्मनचं, कारण पितळेला हात लावायची हिंमत नव्हती. डब्यातलं कॉस्टिक ओलसर झालं होतं, त्याला पाणी सुटतंच. तसंच त्यानं पातेल्यात ओतलं. जाळ अजून नीट लागलाही नव्हता आणि पातेल्यातून आवाज यायला लागला. आधी चुरचुर, मग भस्सकन फेस. करडा, काळपट फेस, त्यातून बुडबुड्यांवर बुडबुडे आणि घशाला झोंबणारी वाफ. पातेलं असं खदखदायला लागलं की जणू आतून कुणी ढवळतंय. दादा नाचला. खरोखर नाचला. "आलं! आलं गं, सोडियम आलं! लिव्ह!"

मी लिहिलं. ती वही माझ्याकडं आहे. पेन्सिलीनं लिहिलंय: '४ वाजून ३५. दादा आलं म्हणाला. वायर जोडलेली नाही.'

वायर खरंच जोडलेली नव्हती. बॅटरी तशीच पोत्यावर होती. मी तसं बोललेही, पण त्याला ऐकू गेलं नाही. तो पुढं वाकला आणि एक शिंतोडा उडून त्याच्या उजव्या हाताला, मनगटाच्या वर लागला. त्याची किंकाळी ऐकून आई पिठाच्या हातानं धावत आली. तिनं काहीही विचारलं नाही. त्याला मानेला धरून हौदावर नेलं आणि तांब्यामागून तांब्या, तांब्यामागून तांब्या पाणी ओतत राहिली. मी रडत म्हणाले, "आई, पातेलं..." ती म्हणाली, "पातेलं मरूंदे. हात बघू." कसलं औषध नाही, हळद नाही, नुसतं पाणी, अर्धा तास. पुढं डॉक्टर म्हणाले, बाईंनी नेमकं केलं. तो डाग अजून आहे, लांबट, काजूच्या बीसारखा.

पातेल्याच्या बुडाला सात भोकं पडली होती.

जूनमध्ये सरांनी दादाला ते समजावून सांगितलं आणि त्यानं ते मला, जरा पडेल आवाजात. ॲल्युमिनियम आपल्याला गरीब वाटतं, कारण त्यानं अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा ओढून घेतलेला असतो. हा पापुद्रा मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजावा इतका पातळ. खरवडला तर क्षणात नवा येतो. तो आहे म्हणून त्यात आमटी शिजते. कॉस्टिक तो पापुद्रा विरघळवतं, आणि मग खाली जो धातू उघडा पडतो तो मुळीच गरीब नसतो. तो पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो, बदाबदा, आणि वर उष्णताही. चुलीच्या जाळावर तेवढा हायड्रोजन! आम्ही तिथं भाजून का निघालो नाही, याला मला आजही उत्तर नाही. सर म्हणाले होते, "अरे, तापट धातू शोधायला निघालास, आणि तो तुझ्या हातातच होता की."

पुढं मी रसायनच घेतलं आणि तीस वर्षं शिकवलं. या धातूंचा इतिहास वाचताना मला एक खोडच लागली. शोध कुणी लावला हे सगळीकडं दिलेलं असतं. मी बघते की खोलीत आणखी कोण होतं.

डेव्हीच्या खोलीत एडमंड होता. त्याचा चुलतभाऊ, वयानं लहान, हाताखाली मदतीला. प्लॅटिनमच्या ताटलीतलं जरासं ओलसर पोटॅश, त्याला बॅटरीच्या तारा, आणि मग पाऱ्यासारखे चमकणारे बारीक थेंब. काही थेंब फटकन पेटून गेले, काही राहिले आणि पांढरे पडले. ते पाहून डेव्ही खोलीभर आनंदानं नाचला. हे आपल्याला ठाऊक आहे ते एडमंडमुळं. डेव्हीनं स्वतः १९ नोव्हेंबर १८०७ ला रॉयल सोसायटीपुढं व्याख्यान दिलं त्यात धातूचे गुण आहेत, नाच नाही. नाचणाऱ्याला आपण नाचलो हे लिहायचं सुचत नाही. पुढं १८१२ मध्ये एका स्फोटक द्रव्यानं डेव्हीच्या डोळ्यांना इजा झाली आणि त्याचं लिहून घ्यायला काही दिवस बुकबाइंडिंगची उमेदवारी नुकतीच संपवलेला एक पोरगा आला. त्याचं नाव मायकेल फॅरेडे. वहीवाल्यांच्या जातीतला आमचा सर्वांत मोठा माणूस.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती ज्युलिया.

अमेरिकेत, ओहायो राज्यात ओबरलिन नावाचं कॉलेजचं गाव आहे. तिथं एका पाद्र्याच्या घरात चार्ल्स मार्टिन हॉल वाढला. वडिलांच्या विद्यार्थिदशेतलं रसायनाचं जुनं पुस्तक वाचत पोरगा मोठा झाला. कॉलेजात त्याला प्राध्यापक जूएट भेटले. हे जूएट जर्मनीत गॉटिंगेनला शिकून आलेले, आणि तिथं होते फ्रीडरिख व्होलर, ज्यांनी १८२७ मध्ये पोटॅशियमच्या जोरावर ॲल्युमिनियमची भुकटी काढली होती. म्हणजे डेव्हीचा धातू वापरून दुसरा धातू सोडवला. (तेवढ्यापुरतं म्हणायचं तर जर्मनचं पातेलं हे नाव अगदीच चुकीचं नाही.) जूएट वर्गात म्हणाले, जो हा धातू स्वस्तात काढेल तो जगावर उपकार करेल आणि स्वतः श्रीमंत होईल. हॉलनं ते मनावर घेतलं.

तेव्हा ॲल्युमिनियम म्हणजे सरदार. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन खास पाहुण्यांपुढं त्याचे काटेचमचे मांडायचा. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर ६ डिसेंबर १८८४ ला जे टोक बसवलं ते ॲल्युमिनियमचं, वजन १०० औंस, आणि भाव त्या वेळच्या चांदीच्या तोडीचा. वर चढवण्याआधी ते न्यूयॉर्कला टिफनीच्या दागिन्यांच्या दुकानात मांडलं होतं आणि लोक त्यावरून उडी मारून जात, वॉशिंग्टनचं टोक ओलांडलं म्हणून सांगायला. ते टोक बसलं त्या दिवशी हॉलला २१ वर्षं पूर्ण झाली. पुढं सव्वा वर्षात त्यानं या सरदाराला आमच्या चुलीवर चढायला लावलं.

जागा घरामागची, लाकडं ठेवायची शेड. भट्टीला पेट्रोलचा जुना स्टोव्ह. वीज तारेतून यायची नव्हतीच. बाटल्याबरण्यांतून स्वतः रचलेल्या बॅटऱ्या, थोड्या जूएटसरांकडून उसन्या. पाण्यात विरघळवून वीज सोडली तर ॲल्युमिनियम येत नाही, हायड्रोजनच येतो. (हे वाचताना मला परड्यातला फेस आठवला.) नुसतं ॲल्युमिनियमचं ऑक्साइड वितळवायचं तर २००० अंशांच्या वर तापवायला हवं, ते कुठल्या शेडमध्ये होणार? मग पाणी नसलेलं 'पाणी' शोधायचं. हॉलला ते क्रायोलाइटमध्ये सापडलं, ग्रीनलंडच्या खाणीतून येणारा बर्फासारखा दगड. तो हजार अंशांच्या आसपास वितळतो आणि त्यात ते ऑक्साइड चहात साखर विरघळावी तसं विरघळतं. त्यानं वीज सोडली. पहिल्यांदा धातू नाही, करडा थर आला. मातीच्या मुशीतली वाळू त्यात उतरत होती. त्यानं मुशीला आतून कार्बनचं अस्तर लावलं. २३ फेब्रुवारी १८८६ ला थंड झालेला गोळा फोडला तेव्हा आत चांदीसारखे मणी होते. ते तळहातावर घेऊन तो जूएटांकडं गेला.

ज्युलिया त्याची थोरली बहीण. तिनंही ओबरलिनलाच रसायन शिकलं होतं, १८८१ ची पदवीधर. आई १८८५ मध्ये गेली, तेव्हापासून घर तिच्याकडं. प्रयोग काय चाललाय हे घरात समजणारी ती एकटी. ती बघायची, बोलायची आणि तारखा ठेवायची. शोधात तिचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. कुणी तिला सहसंशोधक म्हणतं, कुणी ते फार ताणलेलं मानतं. कागदांवरून ठरणार नाही असं मला वाटतं, आणि तिला शोधाचं श्रेय बहाल करायची मला घाईही नाही. माझं लक्ष दुसरीकडं आहे.

तिकडं फ्रान्समध्ये पॉल एरू नावाच्या तरुणानं हीच रीत शोधली. वडिलांचा कातडी कमावायचा कारखाना, तिथं प्रयोग. तोही १८६३ चा जन्म, हॉलसारखाच. त्यानं २३ एप्रिल १८८६ ला फ्रेंच पेटंटचा अर्ज केला. हॉलचा अर्ज गेला ९ जुलैला, म्हणजे अडीच महिने उशिरा. पण अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात अर्ज आधी कुणाचा यापेक्षा शोध आधी कुणाचा हे बघत. मग सिद्ध करा, की फेब्रुवारीत शेडमध्ये मणी निघाले होते. पुढं आलं एक पत्र, दुसऱ्याच दिवशी भावाला, जॉर्जला, लिहिलेलं; आणि पुढं आली ज्युलियाची साक्ष. तिनं घटनाक्रम तारीखवार लिहून दिला होता. कुठल्या दिवशी काय विरघळलं, काय दिसलं, कोण हजर होतं. निकाल हॉलच्या बाजूनं लागला. १८८९ मध्ये पेटंट मिळालं, चार्ल्सच्या एकट्याच्या नावावर. पिट्सबर्गला कारखाना निघालाच होता, त्याचीच पुढं अल्कोआ ही कंपनी झाली. हॉल आणि एरू दोघंही १९१४ मध्येच वारले, हाही एक योगायोग. ओबरलिनला हॉलचा पुतळा आहे, ॲल्युमिनियमचा. हलका म्हणून पोरं गंमत करायला तो इकडून तिकडं उचलून न्यायची, शेवटी दगडाला पक्का करावा लागला. ज्युलियाचा पुतळा असता तर तो शेडच्या दाराशी उभा करायला हवा होता, एक पाय आत, एक बाहेर, कारण स्वयंपाकघरात काहीतरी उतू जात असणार.

आता भाचा मला फोनवर दाखवतो. जगभरची पोरं, प्रौढ माणसंसुद्धा, घराच्या गॅरेजात सोडियमचे गोळे काढतात, तेलाखाली चमकणारे. कुणी पेन्सिलीच्या शार्पनरचं मॅग्नेशियम पेटवतो, कुणी सेल फोडून लिथियमची पट्टी बाहेर काढतो आणि ती तिथंच धूर सोडायला लागते. मी रागावते, आणि रागावता रागावता तीनदा बघते. भाचा विचारतो, आपण करायचं का? मी नाही म्हणते. तीस वर्षांत जुन्या बाटल्यांतल्या पोटॅशियमच्या खड्यांवर पिवळा थर धरलेला मी पाहिलाय. असा खडा कापायला घेतला तर स्फोट होऊ शकतो, आणि असली बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत निवांत बसलेली असते. या पोरांत मला भीती वाटते ती एकट्या पोराची. कॅमेरा तिपाईवर लावलेला, दुसरं कुणी नाही. कॅमेरा सगळं टिपतो, पण वायर जोडलेली नाही हे तो बोलत नाही. हौदावरही नेत नाही.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. बॉक्साइटमधून शुद्ध ऑक्साइड काढायची जी रीत कार्ल बायरनं १८८८ मध्ये बसवली, ती म्हणजे लाल मातीत गरम कॉस्टिक घालायचं. ॲल्युमिनियम तेवढं विरघळतं, लोखंड-माती तळाला राहते. आमच्या रस्त्यावरून धूळ उडवत जाणारे ट्रक दुर्गमानवाडीच्या खाणीतून निघून बेळगावला याच कामाला जात होते. दादानं परड्यात केलं ते त्या कारखान्यातलंच काम, फक्त मातीऐवजी आईचं पातेलं घालून.

आईनं ते पातेलं टाकलं नाही. मोडीत घालायला भंगारवाला आला, तिनं बाकी सगळं दिलं, ते नाही. त्यात माती भरली आणि अबोली लावली. सात भोकं, पाणी बरोबर निचरायचं. अबोली बारा वर्षं फुलली.

दादा पुढं इंजिनियर झाला नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात एका छोट्या फाउंड्रीत लागला, मग स्वतःची काढली. ॲल्युमिनियमचे सुटे भाग ओततो. गेल्या दिवाळीला आला तेव्हा मी ती वही काढून ठेवली होती. त्यानं चष्मा लावला, आता स्वतःचाच, आणि पान वाचलं. बराच वेळ काही बोलला नाही. मनगटावरचा डाग अंगठ्यानं चोळत बसला.

मग म्हणाला, "चार पस्तीस न्हाई. पावणेपाच झालं होतं."

"घड्याळ माझ्या हातात होतं," मी म्हणाले.